टीव्ही लिफ्ट अर्ध्यावर अडकते: मोटर बदलायच्या आधी काय तपासायचं

बटन दाबलं, कपाटाचं झाकण उघडलं, टीव्ही वर सरकायला लागला आणि दोन तृतीयांश उंचीवर येऊन थांबला. मोटरचा आवाज जड झाला, पण टीव्ही ज्यावर बसवलाय ती फळी जागची हलेना. खालचं बटन दाबलं की टीव्ही गुमान खाली जातो. परत वर न्यावा तर परत तिथेच थांबतो. घरी बनवलेल्या टीव्ही लिफ्टचा हा सगळ्यात नेहमीचा आजार.

त्याच्या आगेमागे आणखी काही लक्षणं दिसतात. वर जाताना एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि टीव्हीची वरची कड तिरकी दिसते. वर पोचायला पूर्वी ५० सेकंद लागायचे, आता ७० लागतात. चॅनलमधून, म्हणजे फळी ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांमधून, कट-कट आवाज येतो, तोही ठरावीक उंचीवरच. कधी शेवटचे दीड-दोन इंच राहूनच जातात. कधी एसएमपीएसचा (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणाऱ्या डब्याचा) हिरवा दिवा बटन दाबताच लुकलुकायला लागतो. आणि कोकणात, घाटावर सगळीकडे दिसणारं लक्षण म्हणजे एप्रिल-मेमध्ये लोण्यासारखी चालणारी लिफ्ट जुलै उजाडला की रुसते.

यातलं काहीही दिसलं की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: मोटर कमी पडतेय, मोठी घ्यायला हवी. मी पहिली लिफ्ट स्वतःच्या घरासाठी बनवली, दुसरी चिपळूणला मामांकडे, आणि मग मित्र नि नातेवाईक मिळून आणखी पाच. सातही लिफ्ट कधी ना कधी अडकल्या आणि दुरुस्तीला मीच गेलो. मोटर खरोखर गेलेली निघाली ती एकदाच. बाकी प्रत्येक वेळी दोष लाकडात, चॅनलच्या बसवणुकीत किंवा वायरीत सापडला.

साधा हिशेब करून बघा. ४३ इंची एलईडी टीव्ही ९ किलोच्या आसपास असतो. मागची प्लायची फळी, ब्रॅकेट, स्क्रू धरून १५ किलो होतात. आपण लावतो तो १२ व्होल्टचा लिनियर अ‍ॅक्चुएटर (मोटरने पुढे-मागे सरकणारा दांडा) १००० न्यूटनचा असतो, म्हणजे जवळजवळ १०० किलो उचलण्याच्या ताकदीचा. शंभर किलोवाला गडी पंधरा किलोला थांबतोय, तर त्याची ताकद दुसरीकडे कुठेतरी खर्च होतेय. ती कुठे खर्च होतेय हे शोधायचं.

त्यासाठी ही लिफ्ट नेमकी काय आहे ते डोक्यात पक्कं हवं. दोन बाजूंना ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल उभे लावलेत, मध्ये फळी आहे आणि खालून एक दांडा तिला ढकलतोय. म्हणजे हा उभा केलेला ड्रॉवर आहे. जुन्या कपाटाचा रुंद खण एकाच कोपऱ्याला धरून आत ढकलून बघा. तो तिरका होतो आणि अडकतो. जोर वाढवला की आणखी घट्ट बसतो, कारण तिरकेपणामुळे चॅनलवर येणारा दाब जोराबरोबरच वाढतो आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. म्हणून मोठ्या मोटरने हा रोग जात नाही. तेव्हा फळी तरी वाकते नाहीतर चॅनलचे स्क्रू लाकडातून उपटतात.

मग नेमकं दोन तृतीयांशवरच का? चॅनल मिटलेला असताना त्याचे तिन्ही भाग एकमेकांत पूर्ण बसलेले असतात, त्यामुळे फळीला लांबलचक आधार मिळतो. चॅनल जसजसा उघडत जातो तसतशी एकमेकांत अडकलेली लांबी कमी होते आणि फळीला तिरकं व्हायला वाव मिळतो. खाली येताना वजनच मदत करतं, म्हणून खाली येताना अडकत नाही. हे कळलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो.

हात घालण्यापूर्वी

टीव्ही वर अडकला असेल तर फळीखाली लाकडी ठोकळा किंवा दोन बाय दोनची बॅटन उभी करून टेकू द्या. मगच प्लग काढा आणि मगच आत हात घाला. अ‍ॅक्चुएटरचा स्क्रू वजन धरून ठेवतो हे खरं, पण त्याला फळीशी जोडणारी पिन निघाली की धरणारं कोणीच नाही. चॅनल वजन पेलायला नाहीत, ते फक्त दिशा देतात. बऱ्याच चॅनलना आतला भाग सुटा करायची काळी प्लॅस्टिकची खिट्टी असते, आणि उभ्या बसवणुकीत ती चुकून दाबली गेली की फळी एका बाजूने निसटते.

फुकटातल्या तपासण्या

पहिलं काम म्हणजे २० मिनिटं थांबा. हे अ‍ॅक्चुएटर सतत चालायला बनवलेले नसतात. बहुतेकांवर १० टक्के ड्युटी सायकल छापलेली असते, म्हणजे २ मिनिटं चालला की १८ मिनिटं विश्रांती. घरात पाहुण्यांची मुलं आली, वर-खाली, वर-खाली पाच वेळा करून झालं, की मोटर तापते, जोर कमी होतो आणि काहींच्या आतलं उष्णतेचं संरक्षण तिला बंदच करतं. हात लावून बघा. दांड्याच्या नळीचं मोटरकडचं टोक चटका बसेल इतकं गरम असेल तर आज तपास करून उपयोग नाही, चुकीची उत्तरं मिळतील.

थंड झाल्यावर रिमोट बाजूला ठेवा आणि भिंतीवरच्या किंवा कपाटातल्या बटनाने चालवा. बटनाने चालते आणि रिमोटने अडखळते, तर रिमोटमधला १२ व्होल्टचा छोटा सेल बदला. अर्धी तक्रार इथेच मिटते असं नाही, पण थोडक्या पैशांत एक शंका तरी जाते.

मग टॉर्च घेऊन कपाटाच्या मागच्या बाजूने बघा आणि घरातल्या कोणाला तरी बटन दाबायला सांगा. तुमची नजर वायरींवर हवी. टीव्हीची पॉवर केबल, एचडीएमआय, सेट टॉप बॉक्सची वायर, यातली एखादी चॅनलच्या स्क्रूला किंवा ब्रॅकेटच्या कोपऱ्याला अडकून ताठ होतेय का? लिफ्ट बसवली तेव्हा केबल सैल असते. नंतर कोणीतरी सेट टॉप बॉक्स एका खणातून दुसऱ्यात हलवतं आणि केबल तीन इंच आखूड पडते. ताणलेली एचडीएमआय लिफ्ट थांबवतेच, शिवाय टीव्हीचं पोर्टही उखडते, आणि ते दुरुस्तीला लिफ्टपेक्षा महाग पडतं. सगळ्या वायरी एकाच बाजूने, एका लोंबत्या झोळात आणा. तो झोळ फळी पूर्ण वर असताना तळापासून वीतभर तरी वर राहावा आणि पूर्ण खाली असताना अ‍ॅक्चुएटरखाली येऊ नये.

झाकणही हाताने उघडून बघा. बिजागरी गंजून घट्ट झाली असेल किंवा झाकणावर कोणी फ्रेम, फुलदाणी, गणपतीची मूर्ती ठेवली असेल तर टीव्हीच्या कडेवर तो सगळा भार येतो. टीव्हीच्या वरच्या कडेने झाकण ढकलायची रचना असेल तर फळीला एक लाकडी किंवा रबरी बोट लावून घ्या. पॅनेलच्या कडेवर जोर येता कामा नये.

मल्टिमीटर लागेल अशा तपासण्या

एसएमपीएसचा दिवा लुकलुकणं म्हणजे त्याच्यावर झेपत नाही इतका भार येतोय. तो स्वतःला बंद करतो, परत सुरू होतो, परत बंद होतो. पण भार जास्त का आला हे तो सांगत नाही. म्हणून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि मोजा. एसएमपीएसजवळ नाही, अ‍ॅक्चुएटरच्या वायरीच्या टोकाशी मोजा, तेही मोटर चालू असताना. मोटर थांबलेली असताना एसएमपीएसवर १२ दिसणारच. चढताना साडेअकराच्या वर राहिलं तर ठीक. साडेदहाच्या खाली गेलं तर वायर बघा.

इथे फार जण फसतात. डीसी मोटरला घरात पडलेली बारीक वायर जोडतात. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ५ मीटर अंतर धरा. करंट जाऊन परत येतो, म्हणजे १० मीटर वायर झाली. तिचा रोध साधारण एक तृतीयांश ओम. अडकताना मोटर ५ अँपियर ओढते, म्हणजे दीड व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच मेले. १२ चे सव्वादहा झाले की मोटरचा जोर नेमका गरजेच्या वेळी कमी पडतो. १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं. वायर बदलायला फारसा खर्च येत नाही. एकदा मी अख्खं कपाट खोलून चॅनल नव्याने लावले आणि दोष निघाला पिळून टेप गुंडाळलेल्या एका जोडात. तेव्हापासून व्होल्टेज मोजल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

करंट मोजता आला तर फारच उत्तम. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपियरच्या भोकात घाला, मीटर मालिकेत जोडा, म्हणजे मोटरची एक वायर सोडवून तिच्या मध्ये. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे ना ते बघा. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो साधा क्लॅम्प डीसीवर काहीच दाखवत नाही. मोकळ्या लिफ्टला दीड-दोन अँपियर लागतात. ठरावीक उंचीवर आकडा चार-पाचवर उडी मारत असेल तर तिथे काहीतरी घासतंय, हे नक्की झालं.

लिफ्ट वर जाते पण तिथून खाली यायचं नावच घेत नाही, हा वेगळा दोष आहे. बाहेरून लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर मोटर बंद करणारे) लावले असतील तर प्रत्येकाला समांतर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, कारण टोकाला पोचून स्विच उघडल्यावर उलट दिशेचा करंट जायला वाट हवी. तो डायोड तुटला की ती वाट बंद. डायोड शॉर्ट झाला तर उलटं होतं, लिफ्ट टोकाला थांबतच नाही. लिमिट स्विच बोटाने दाबून धरा आणि मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा. एका दिशेला ०.५ ते ०.७ दाखवेल, दुसऱ्या दिशेला काहीच नाही. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर बदला, आणि ६ अँपियरचाच लावा. बटन न दाबता लिफ्ट आपोआप चालायला लागली तर रिले, म्हणजे बटनाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणारा स्विच, चिकटलाय. प्लग ताबडतोब काढा, रिले बोर्ड नवा आणा. घासून वापरू नका.

आणि फ्यूज. बारा व्होल्टच्या बाजूला गाडीतला पातीचा साडेसात अँपियरचा फ्यूज नसेल तर आजच लावा. लाकडी बंद कपाटात अडकलेली मोटर पाच मिनिटं करंट ओढत राहिली तर काय होईल ते सांगायला नको.

खरी परीक्षा: पिन काढून हाताने उचला

इथपर्यंत काही सापडलं नाही तर टीव्ही उतरवायची तयारी ठेवा. दोन माणसं हवीतच. टीव्ही गादीवर पालथा ठेवू नका, पॅनेल चिरतं. भिंतीला टेकवून, खाली उशी देऊन उभा ठेवा. फळीला टेकू द्या आणि अ‍ॅक्चुएटरच्या वरच्या टोकाची पिन काढा. आता फळी आणि चॅनल एवढंच उरलं.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा घ्या. शाळेतल्या ताणकाट्याचाच हा भाऊ. फळीच्या वरच्या कडेला बरोबर मध्यावर एक हूक लावा, काट्याने फळी सावकाश उचला आणि आकडा बघत राहा. माझ्याकडे फळी ब्रॅकेटसकट ६ किलोची आहे. नीट बसलेली लिफ्ट तळापासून टोकापर्यंत साडेसहा-सातच्या आत राहते. चिपळूणच्या लिफ्टवर मी हा प्रयोग केला तेव्हा १५ इंचांपर्यंत ७ होते, १६ व्या इंचाला ९, आणि १७ व्या इंचाला काटा १४ वर जाऊन थांबला. टीव्ही न लावता ही अवस्था. मामी शेजारी टॉर्च धरून उभी होती. ती म्हणाली, "अरे, म्हणजे मशीन बिचारं उगाच शिव्या खात होतं." तिने एका वाक्यात निदान केलं.

काट्याचे आकडे इंचांसमोर लिहून काढा. फरक दोन किलोपेक्षा जास्त असेल तर दोष लाकडात किंवा चॅनलमध्ये आहे, मोटरला हात लावायचा नाही. आकडा सगळीकडे सारखाच आला आणि तरीही मोटर अडकत असेल, तर मात्र संशय अ‍ॅक्चुएटरवर. ही एक तपासणी दोन तासांचा वाद मिटवते.

चॅनल किती समांतर आहेत

आता स्टीलची पट्टी किंवा चांगला टेप घ्या आणि दोन्ही बाजूंच्या चॅनलमधलं अंतर तीन ठिकाणी मोजा: खाली, मध्ये आणि वर. तिन्ही मापांत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही. शेवटी प्रत्येक चॅनलजवळ ओळंबा सोडा, समोरून आणि बाजूने.

आपले सुतार सुतात मोजतात. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, म्हणजे ३ मिलिमीटरहून थोडं जास्त. कपाटाला एक सुताचा फरक चालतो, तो कोणाच्या डोळ्यालाही दिसत नाही. आडव्या ड्रॉवरलाही बऱ्याचदा चालून जातो. उभ्या लिफ्टला नाही चालत. यात सुताराची चूक नाही, त्याला मिलिमीटरचं काम आपण सांगितलेलंच नसतं. काम देतानाच सांगा की चॅनलसाठी प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर जागा हवी आणि ती वर-खाली एकसारखी हवी.

अंतर कमी-जास्त निघालं तर सगळं उपटायची गरज नाही. एका बाजूचा चॅनल पक्का ठेवा, हाच तुमचा संदर्भ. दुसऱ्या बाजूच्या चॅनलचे सगळे स्क्रू अर्धा आटा सैल करा. फळी हाताने तळापासून टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा, म्हणजे सैल चॅनल स्वतःची जागा शोधतो. फळी अगदी वर असताना वरचा स्क्रू घट्ट करा, अगदी खाली असताना खालचा, मध्ये असताना मधला. चॅनलवर लांबट भोकं असतात ती याचसाठी, स्क्रू आधी त्यांतच घाला. गोल भोकांतले स्क्रू शेवटी. जिथे पोकळी राहते तिथे सनमायकाची चीप सरकवा, ती १ मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. पुठ्ठा घालू नका, पावसाळ्यात तो दबतो. हे सगळं झाल्यावर काट्याने परत मोजा. चिपळूणला १४ चे साडेसात झाले, दोन सनमायकाच्या चिपांवर.

अ‍ॅक्चुएटर फळीच्या बरोबर मध्यावर आहे का तेही बघा. सोयीसाठी तो एका बाजूला सरकवलेला असतो, कारण मध्ये सॉकेट आलेलं असतं. सरकत्या कामात एक जुना ठोकताळा आहे: ढकलण्याची रेषा आधारापासून जितकी दूर, त्याच्या निम्मी तरी आधाराची लांबी हवी. वर उघडलेल्या चॅनलमध्ये तेवढी लांबी उरतच नाही. तेव्हा सॉकेट हलवा, अ‍ॅक्चुएटर मध्ये आणा.

मध्याऐवजी दोन्ही कडांना दोन अ‍ॅक्चुएटर लावणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, साध्या वायरिंगवर हे करू नका. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले दोन अ‍ॅक्चुएटरसुद्धा सारख्या वेगाने चालत नाहीत. ज्याच्यावर भार जास्त तो मागे पडतो, मागे पडला की फळी तिरकी होते, तिरकी झाली की भार आणखी वाढतो. दोन लावायचेच तर हॉल सेन्सर (दांडा किती सरकला ते सांगणारा) असलेले घ्या आणि दोघांना बरोबर चालवणारा कंट्रोलर लावा. घरच्या ४३ किंवा ५५ इंची टीव्हीला एकच पुरतो.

पावसाळा

जुलैमध्ये अडकणाऱ्या लिफ्टचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. प्लायच्या दर्शनी बाजूला सनमायका लावलेली असते आणि आतली बाजू उघडी. उघडी बाजू दमट हवा पिते, फुगते, सनमायकाची बाजू तशीच राहते, आणि फळीला पोट येतं. दोन्ही बाजूंच्या फळ्या दोन-दोन मिलिमीटर आत वाकल्या की मधलं अंतर ४ मिलिमीटरने घटतं. चॅनल त्याच फळीला बसवलेला असतो, तोही तिच्याबरोबर वाकतो. एमडीएफ असेल तर त्याहून वाईट, कारण कापलेल्या कडा पाणी ओढतात आणि स्क्रूची पकडच जाते.

सरळ कडेची पट्टी फळीला टेकवून बघा. मध्ये उजेड दिसला तर पोट आहे. पावसात हे दुरुस्त करायला जाऊ नका. आत्ता फक्त सैल बाजूची जुळवणी करून काम चालवा, आणि दिवाळीनंतर लाकूड वाळल्यावर आतल्या बाजूला लायनर (सनमायकासारखाच पातळ पत्रा) लावून घ्या, उघड्या कडांना दोन हात सीलर मारा. आणि नवीन लिफ्ट बनवत असाल तर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा प्लाय घ्या, ज्याच्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, इंचभर हवा खेळू द्या.

चॅनलचे स्वतःचे आजार

शेवटचे दीड-दोन इंच राहतात, काट्यावर बाकी सगळं ठीक आहे, तर चॅनल खोलून आतले छर्रे धरून ठेवणारी पट्टी बघा. आडव्या ड्रॉवरमध्ये ती पट्टी जागेवर राहते. उभ्या चॅनलमध्ये, विशेषतः लिफ्ट रोज अर्ध्यावरच थांबवायची सवय असेल तर, ती दर फेरीला किंचित खाली घसरते. काही महिन्यांनी ती वेळेआधीच अटकाव्याला जाऊन टेकते. उपाय सोपा आहे: पिन काढून फळी हाताने दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण दाबून न्या, पट्टी परत जागेवर येते. पुढे आठवड्यातून एकदा तरी लिफ्ट पूर्ण वर, पूर्ण खाली चालवा.

सॉफ्ट-क्लोज चॅनल लावले असतील तर ते काढाच. त्यांची स्प्रिंग शेवटच्या पट्ट्यात फळीला खेचते आणि दर वेळी झटका बसतो.

वंगणाबद्दल दोन शब्द. जुनं काळं ग्रीस कापडाने पुसून काढा आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या, तेवढं पुरतं. घरातलं खोबरेल तेल घालू नका. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं तेल गोठतं तसं ते चॅनलमध्येही गोठतं. अ‍ॅक्चुएटरच्या चकचकीत दांड्याला काहीच लावायचं नाही, कोरड्या कापडाने पुसायचा. चिकट दांडा धूळ आत ओढतो आणि सील खातो.

इथे थांबा, माणूस बोलवा

काही ठिकाणी मी स्वतःही थांबतो.

एसएमपीएसचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. तो बिघडला असेल तर नवा आणा. २३० व्होल्टचे टर्मिनल उघडे दिसत असतील, अर्थिंग नसेल, प्लग काळा पडला असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तो येईपर्यंत प्लग काढून ठेवा.

बटन सोडल्यावर टीव्ही स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत असेल तर अ‍ॅक्चुएटरमधला नट झिजलाय. या दोषात टीव्ही अचानक कोसळू शकतो. टीव्ही उतरवा, लिफ्ट वापरणं बंद करा आणि अ‍ॅक्चुएटर नवा घ्या. खोलून दुरुस्त करायचा प्रयत्न नको, घरी त्याचा नट परत पहिल्यासारखा बसत नाही. माझ्याकडची ती एकमेव खराब मोटर याच कारणाने गेली होती.

कपाट भिंतीतून सुटत असेल, स्क्रूच्या भोवती प्लास्टर भुगा होऊन पडत असेल, तर चॅनलची जुळवणी करून काही होणार नाही. गवंडी किंवा चांगला सुतार बोलवून आधी कपाट पक्कं करा. ६५ इंची आणि त्याहून मोठ्या टीव्हीला ड्रॉवरचे चॅनल मुळातच लावू नयेत. त्याला फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकट आणि लिनियर गाइड (सरळ सरकवणारे भक्कम रूळ) करून घ्या. आणि घरात रांगणारं मूल असेल, तर खालच्या फटीत हात जाणार नाही असा आडोसा होईपर्यंत लिफ्ट बंदच राहू द्या. शंभर किलो जोराच्या दांड्याला मध्ये आलेल्या बोटाची जाणीव नसते.

कोणालाही बोलावलं तरी तुम्ही लिहिलेले आकडे त्याच्या हातात द्या: चढताना मोटरजवळ किती व्होल्ट, कुठल्या इंचाला काटा किती, वर-मध्ये-खाली अंतर किती. माझ्या घरच्या कपाटात मागच्या फळीवर पेन्सिलीने हाच तक्ता आहे. तारीख, वर जायला लागलेले सेकंद, खाली यायला लागलेले सेकंद. नवी होती तेव्हा ५२ आणि ४९. दर जूनच्या पहिल्या रविवारी आणि दिवाळीच्या साफसफाईत मी मोबाइलवर वेळ लावून एक ओळ वाढवतो. वर जायची वेळ ६० ओलांडली की लिफ्ट अडकायची वाट न बघता त्याच दिवशी सनमायकाची चीप आणि पाना घेऊन बसतो.